मुसळावरच्या दोन खाचा

माझ्या दुकानातून कोरडा दोर कधीच बाहेर गेला नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, मी दोर आधी हौदात बुडवतो, त्याला धोंडा बांधून आढ्याला टांगतो आणि उद्या या म्हणून सांगतो. सिरसाळ्याच्या बाजारात यावरून माझी पुष्कळ चेष्टा झाली. "ह्यो म्हातारा दोर इकतो का दोराला आंगुळ घालतो?" असं लोक विचारत. विचारोत. भावाच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही, तोंडाचाही मी गोड नाही, पण माझा दोर ताणून लांबला असं सांगत आजवर एक माणूस परत आलेला नाही. हे शहाणपण कुठून आलं हे माहीत असलेली माणसं आता फार उरली नाहीत. शिवारात इंजिनं आली, मोटा गेल्या, नाडा म्हणजे काय हे माझ्या नातवाला सांगावं लागतं. म्हणून लिहून ठेवतो. दुसरंही कारण आहे, ते लपवत नाही. त्या उन्हाळ्याची गोष्ट आमच्या गावात अजून सांगतात, पण तिच्यात माझं नाव नसतं, अक्काचं नसतं, येसबाचं नसतं. हे मला त्या वेळी सललं, आणि आज दात पडल्यावरही तेवढंच सलतं.

राज्य निजामाचं होतं आणि मी नुकता मिसरूड फुटलेला गडी होतो. आमचं घर गावकुसाच्या आतल्या अंगाला, पश्चिमेकडे. पहाटे मायचं जातं सुरू व्हायचं, त्यापाठोपाठ आबांचा खोकला, आणि उजाडता उजाडता शेजारच्या देवळाच्या बागेतल्या मोटेचं चाक कुरकुरायला लागायचं. त्या चाकाला कोणी कितीही तेल पाजलं तरी ते कुरकुरायचंच. आबा म्हणायचे, "चाक गप झालं की समजावं, गाव मेलं." आबा माझे वडील. फार बोलायचे नाहीत, पण बोलले की असं काहीतरी बोलायचे. त्या वर्षी माझी थोरली बहीण, कौसल्याअक्का, पहिल्या बाळंतपणाला नांदूरघाटाहून माहेरी आली होती. माय तिच्यासाठी डिंक, खोबरं, खारका डब्यात भरून ठेवत होती, आणि मी येता-जाता खारका चोरत होतो.

मग उंदीर पडायला लागले. आधी वाण्याच्या वखारीत, मग देवळाच्या ओसरीवर, मग आमच्या धान्याच्या बळदात. उंदीर दिसला की लोक त्याच्याकडे पाहायचे नाहीत, जणू पाहिलं नाही तर तो पडलाच नाही. गावात गाठीच्या तापानं जे पहिले गेले त्यांत आबा होते. काखेत गाठ आली, डोळे लाल झाले, आणि तिसरा दिवस त्यांनी पाहिला नाही. खांदा द्यायला मी, येसबा मांग आणि दोन चुलत भाऊ. येसबा आबांच्या बरोबरीचा होता. आमच्या घरचे सगळे दोर त्याच्याच हातचे. जन्मभर तो आमच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि त्या दिवशी खांद्याला आला, कारण बाकीचे आले नाहीत. त्याला कोणी नको म्हटलं नाही. भीती मोठी झाली की विटाळ लहान होतो, हे मी तेव्हा पाहिलं. भीती सरल्यावर तो पुन्हा मोठा होतो, हे नंतर पाहिलं.

तहसीलदाराचा हुकूम आला की गाव मोकळं करा. सगळ्यांनी माळावर पालं ठोकायची, आणि पुन्हा हुकूम होईपर्यंत गावकुसाच्या आत कोणी पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर त्याचं पाल जाळून त्याला मोमिनाबादेस धाडलं जाईल. मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई. पालं कुठे ठोकायची हे पाटलानं ठरवलं. त्याची स्वतःची राहुटी लिंबाच्या सावलीत, आणि आमचं पाल पार टोकाला, उघड्या माळावर, कारण आमच्या घरात गाठ निघाली होती. अक्का त्याच पालात बाळंत झाली. मुलगी झाली. बाजेच्या चारी अंगांनी घोंगड्या लावल्या होत्या आणि वरून ऊन असं पडत होतं की घोंगडीला हात लावला तर चटका बसावा.

पाणी हे त्या माळावरचं खरं दुखणं. ओढ्यात गाळाची डबकी उरली होती, त्यांत गुरं बसायची. वाळूत झिरा खणला की वाटीभर पाणी सुटायचं, आणि त्या वाटीभोवती बायका भांडायच्या. शेजारच्या दोन्ही गावांनी शिवेवर काठ्या घेऊन माणसं बसवली होती. प्लेगाच्या गावच्या माणसाला घागर बुडवू देणार नाही म्हणाले. आम्ही ज्वारी भाजून कोरडीच चावायचो, कारण पीठ भिजवायला पाणी कोण घालवणार? हुलग्याचं माडगं आठवून तोंडाला पाणी सुटावं म्हटलं तर तोंडात पाणीच नव्हतं. अक्काला ताप भरला. तो गाठीचा नव्हता, बाळंतपणाचा होता, पण तिचं दूध आटलं. पोरगी रडायची, मग रडणं बारीक झालं, मग नुसतं तोंड उघडायची आणि आवाज यायचा नाही. माय तिच्या ओठांना ओली चिंधी लावायची. एकदा चिंधी भिजवायलाही काही नव्हतं तेव्हा माय माझ्याकडे नुसती बघत राहिली. आबा असते तर त्यांच्याकडे बघितली असती.

आणि गोडं पाणी आम्हाला डोळ्यांनी दिसत होतं, हे फार वाईट होतं. देवळाच्या बागेतली विहीर गावकुसाला लागूनच. त्या बाजूची भिंत दोन पावसाळ्यांपूर्वी पडून खिंडार झालं होतं. मोटेच्या बैलांची धाव, म्हणजे बैल ज्या उतारावरून चालत मोट ओढतात ती वाट, बरोबर त्या खिंडाराकडे उतरत यायची. खिंडारात उभं राहिलं की वर चाक दिसायचं, चाकाखाली लटकलेली कोरडी मोट दिसायची. माळी हुकूम ऐकताच पळाला होता. त्यानं मोट वर ओढून ठेवली आणि उताराच्या पायथ्याशी जुवावर धोंडा टाकून गेला. जू खिंडारापासून चार पावलांवर पडलं होतं. आणि खिंडारात बंदूक घेऊन महबूबमियाँ नावाचा जवान उभा होता, मोमिनाबादेच्या अमीनानं, म्हणजे फौजदारानं, बसवलेला.

मी त्या खिंडारासमोर पुष्कळ वेळ बसायचो. मोट कशी चालते ते मनात पुन्हा पुन्हा चालवून बघायचो. मोटेला दोन दोर असतात. जाड नाडा चाकावरून जातो, तो मोट उचलतो. बारीक दोर खालच्या लाटेवरून, म्हणजे आडव्या लाकडी रुळावरून, जातो आणि मोटेची लांब चामडी सोंड धरून ठेवतो. मोट वर आली की सोंड आपोआप थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात, ओढली जाते आणि पाणी धो धो पाटात पडतं. तिथे माणूस उभा लागत नाही. माणूस लागतो तो बैलांमागे. आणि बैल आत कशाला पाहिजेत? एके दिवशी हे माझ्या डोक्यात आलं आणि मी उभाच राहिलो. दोर लांब केला, अगदी धावेएवढा लांब, तर बैल कुसाच्या बाहेर चालतील आणि मोट आत चालेल. पाणी बागेच्या वाफ्यांतून शेवटी भिंतीतल्या मोरीनं बाहेर माळावर पडतं, हे लहानपणापासून पाहिलं होतं. त्याच मोरीपाशी आम्ही पोरं पाय धुवायचो.

धावेएवढा दोर सगळ्या माळावर एकाकडेच होता. पाटलाकडे नवा कोरा नाडा होता. त्याच्या मळ्यातली विहीर आटल्यामुळे तो रिकामाच पडला होता. पाटील त्याची वेटोळी करून त्यावरच बसायचा, जशी काही गादी. त्याच्यासाठी पाणी त्याच्या मेहुण्याच्या गावाहून गाडीनं यायचं. येसबाला घेऊन मी गेलो तेव्हा तो पान लावत होता.

"पाटील, नाडा द्या. मी विहिरीचं पाणी भायेर काढतो."

"आत जाऊन?"

"आत न जाता." मी सगळं समजावून सांगितलं. तो ऐकता ऐकता पानाला चुना लावत होता.

"आन् अमीनसाहेबानं इचारलं तर? वतन कुनाचं जाईल, तुजं का माजं?"

"वतनाला काय पाजता, पाटील? मान्सं मरायलीत."

"आन् गाठीच्या गावात भिजलेला नाडा पुन्यांदा म्या माज्या इहिरीत सोडू व्हय?" त्यानं पान तोंडात टाकलं. "तुज्या बापानंच ही पीडा आनली गावात. आता तू शानपन शिकीव."

माझा हात उठला होता. येसबानं मागून माझं मनगट धरलं नसतं तर त्या दिवशी पाटलाचे दात त्याच पानात पडले असते. मी लोकांना नेहमी सांगतो की रागानं माझं आयुष्यात पुष्कळ नुकसान झालं, पण तो हात न पडल्याचं जेवढं वाईट वाटतं तेवढं कोणत्याच पडलेल्या हाताचं वाटत नाही. पाटील घाबरला होता हे आज मला कळतं. घाबरलेल्या माणसाला मी माफ करू शकतो. नाड्यावर बसून नाही म्हणणाऱ्याला नाही.

दोर नाही तर नाही, आधी जवान बघू म्हटलं. सौदा करताना समोरच्याला काय पाहिजे ते आधी बघावं, भाव नंतर बोलावा. महबूबमियाँचे ओठ फुटले होते. त्याची मशक मोमिनाबादेहून यायची, आणि आली तरी उन्हानं अर्धी झालेली असायची.

"मियाँ, हुकूम काय हाय तुमचा?"

"तेरेकू मालूम नै क्या? अंदर कोई नक्को जाना. ना आदमी, ना औरत, ना जनावर."

"आन् रस्सी?"

"क्या रस्सी?"

"रस्सीचं नाव हाय का हुकमात?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "धूप लगी क्या रे तेरेकू?"

मी जमिनीवर काटकीनं रेघ ओढली. ही भिंत, हे बैल बाहेर, ही मोट आत. "पाय जानार न्हाई, खूर जानार न्हाई. पानी तेवढं भायेर येईल. भायेर यायला मनाई हाय का? अमीनसाहेबानं इचारलं तर तुमी सांगा, म्या खिंडारात हुबा हुतो, एक बी पाय आत गेला न्हाई. ती खरीच गोष्ट असंल. खोटं बोलायचं कामच न्हाई."

त्यानं बंदुकीच्या दस्त्यानं ती रेघ पुन्हा ओढून पाहिली. मग म्हणाला, "बहोत चालाक है बे तू."

"पैली घागर तुमची, मियाँ."

त्यानं आमच्या पालाकडे बोट केलं. सगळ्या माळावर त्या पोरीचं रडणं ऐकू यायचं, आणि आता ते येत नव्हतं हेही सगळ्यांना ऐकू यायचं. "पैली उस बच्चेवालीकू दे. दुसरी मेरेकू."

उभ्या आयुष्यात मी हजारो सौदे केले. समोरच्यानं आपणहून आपला भाव उतरवला असा हा एकच.

आता दोर. येसबा आणि मी पालोपाल फिरलो. गुरांची दावी, बैलांचे कासरे, गाड्यांच्या जुपण्या, पाळण्याचे दोर, जे मिळेल ते घेतलं. काहींनी हसून दिलं, काहींनी शिव्या देऊन दिलं. येसबानं त्या सगळ्यांचा पीळ उलगडून पुन्हा वळला आणि जाड दोर तयार केला. तो नाड्याला जोडायचा. बारीक दोराला मात्र काहीच उरलं नाही. तेव्हा बायकांनी जुनी लुगडी फाडली, त्यांचा पीळ घातला. दिसायला तो दोर फार सुरेख होता, लाल, हिरवा, काळा. दोर खिंडारातल्या दगडांवर घासून तुटू नये म्हणून भिंतीबाहेर दोन बाभळीच्या मेढी रोवल्या, आणि त्यांच्यावर आडवं काहीतरी गुळगुळीत पाहिजे होतं. मी मायकडे मुसळ मागितलं. कांडायला तरी काय होतं तेव्हा?

मायनं मुसळ पदरानं पुसलं. "नेतूस तर ने. पर परत आन. घान्याला लागंल."

घाणा भरणं म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी मुसळांना हळकुंड, सुपारी बांधून सवाष्णींनी हळद कांडायची, तो विधी. आबा जाऊन महिना झाला नव्हता, अक्का तापात, पोरगी ओठ हलवत पडलेली, आणि माय लग्नाच्या घाण्याचं बोलत होती. मला वाटलं, हिचंही डोकं फिरलं. आज कळतं, की त्या माळावर एवढं एकच माणूस ठाम होतं.

विहिरीत पडलेल्या घागरी काढायचा लोखंडी गळ दोराला बांधून मी खिंडारातून आत फेकला. जवान भिंतीवर पाय टेकून माझ्या पायाकडे बघत होता. "पाव पिच्छे, पाव पिच्छे!" असं दर फेकीला ओरडत होता. सगळा माळ जमला होता. गळ जुवाला अडकायचा आणि निसटायचा. लोक आधी गप्प होते, मग हसायला लागले, मग ओरडून शिकवायला लागले. शेवटी अडकला. धोंड्याखालून जू ओढून बाहेर काढलं, दोन्ही दोरांना आमचे दोर जोडले, आमची जोडी जुंपली आणि बैल हळूहळू मागे नेले. मोट खाली गेली. चाक कुरकुरलं. आबा गेल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता. मोट कोरडी ठणठणीत होती, म्हणून ती भिजून मऊ होईस्तोवर पाण्यात राहू दिली. मग बैल हाकले.

मोट वर येत असतानाच विहिरीतून आवाज आला. धबधब पाणी पडत होतं, पण परत विहिरीतच. वर आली ती रिकामी, ओली मोट. पुन्हा सोडली, पुन्हा तेच. लुगड्याचा दोर भिजून ताणला जात होता. तो लांबला की सोंड खाली लोंबायची आणि मोट वाटेतच सांडायची. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. तहानलेल्या माणसांना पाणी परत पडताना ऐकवणं यासारखा छळ नाही. बायका रडायला लागल्या. लिंबाखालून पाटील म्हणाला, "झाली का जत्रा?"

मी बैल सोडले नाहीत. येसबाला म्हटलं, "सुंभ पायजे. अंबाडीचं सुंभ."

"दावी सरली, सखाराम. आता सुंभ हाय ते बाजांलाच."

माळावर बाजा थोड्याच होत्या. बहुतेक घरांनी गावातच टाकल्या होत्या. त्या उसवल्या. येसबानं वळला, हातावर मोजला, आणि दोर थोडका कमी पडला. ज्या बाजेवर अक्का पडली होती तेवढी एकच बाज उरली. मी पालाच्या दाराशी गेलो आणि तसाच परत फिरलो. मला ते शब्द बोलता येईनात. भल्याभल्यांना भावात पाणी पाजणारा मी, बहिणीला बाजेखाली उतर म्हणू शकलो नाही.

आतून अक्का म्हणाली, "सखा, कितीक कमी पडतंय?"

"अक्का, तू पड गप."

ती मायच्या खांद्याला धरून खाली उतरली. भुईवर घोंगडी टाकून बसली, पोरगी मांडीवर, आणि बाजेच्या पायथ्याच्या गाठी आपल्याच बोटांनी सोडवायला लागली. तिच्या अंगातला ताप माझ्या हाताला लागत होता. मी सोडवायला गेलो तर म्हणाली, "तू वड. गाठ मला सुटती. म्याच मारलीया ती." बाज रिकामी झाली, नुसती चौकट उरली.

या वेळी मी एक गोष्ट आधीच केली. जाड दोरही सोडवून घेतला, आणि जोडायच्या आधी दोन्ही दोर ओढ्याच्या डबक्यात बुडवले, ओले काढून एक टोक बाभळीला बांधलं आणि दुसऱ्या टोकाला बैल जुंपून ते ताणून घेतले. जे काय लांबायचं असेल ते इथेच लांबू दे, विहिरीत नको. पाटलाची माणसं हसत होती, "दोराला आंगुळ घालतंय बघा!" तोच शब्द. मग दोन्ही दोर शेजारी शेजारी ठेवून येसबानं बोटं फिरवत बरोबरी केली आणि जोड दिला.

बैल चालले. दोर मुसळावर चढले. मोट वर आली, आत पाणी पडल्याचा आवाज आला नाही. चाकाशी आली, सोंड थारोळ्यात ओढली गेली आणि पाणी उडालेलं आम्हाला खिंडारातून दिसलं. आता मोरीकडे सगळ्यांचे डोळे. मोरी कोरडीच. दुसरी मोट, तिसरी मोट, मग मी मोजणं सोडलं. बाग इतके दिवस तहानलेली, ती आमच्याआधी पीत होती. सूर्य कलला. बैलांच्या तोंडाला फेस आला. लोक एकेक करून खाली बसले. मी बैलांना मारलं नाही, नुसता बोलत राहिलो, काय बोललो ते आठवत नाही. मग मोरीतून आधी एक सरडा पळत बाहेर आला. त्यामागून वाळली पानं, माती, काटक्या फेसात ढकलल्या जात बाहेर आल्या. मग गढूळ धार आली. आणि मग स्वच्छ.

पहिली घागर मायनं भरली. चुलीवर आधण आणून, निववून, बोटानं पोरीच्या तोंडात सोडलं. अक्का वाटीनं प्यायली आणि वाटी पुन्हा पुढे केली. दुसरी घागर मी मियाँपुढे ठेवली. त्यानं आधी तोंड धुतलं, मग प्यायला, मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्या संध्याकाळी माळावर भाकऱ्या थापल्याचा आवाज आला. इतके दिवस तो आवाज नव्हता हे तो आल्यावर कळलं. अक्काचा ताप पुढे उतरला, दूध आलं. पोरगी पुन्हा रडायला लागली तेव्हा सगळा माळ हसला.

पावसाळा लागेपर्यंत आम्ही ती मोट चालवली, आळीपाळीनं. मुसळ मेढींवर नीट फिरायचं नाही, म्हणून दोर त्याच्यावर घासत राहिले आणि त्याला दोन खाचा पडल्या, एक रुंद, एक बारीक. तोवर महबूबमियाँची बदली झाली होती. मग तहसीलदार घोड्यावरून पाहणीला आला. मोरीतून पाणी वाहताना पाहून त्यानं विचारलं, हे कोणी केलं? मी लांब बैलांमागे होतो, अंगभर धूळ. पाटील पुढे झाला. "हुजूर, आमीच केलं. रयत वाचली पायजे." मी धावत आलो, ओरडलो, काय काय बोललो. पाटलानं मान हलवली. "बाप मेल्यापून डोस्कं फिरलंय त्याचं, हुजूर." तहसीलदारानं तिथेच पाटलाला जरीचा पटका बांधला. माळावरच्या कोणीही तोंड उघडलं नाही. मी ज्यांच्या घागरी भरल्या, त्यांनी नाही. येसबानं उघडलं असतं, पण त्याला कोण विचारणार? तो म्हणाला, "जाऊ दे, सखाराम. दोराला कुनी नाव इचारत न्हाई." मला हे पटलं नाही. आजही पटत नाही.

नांदूरघाटच्या लोकांनी अक्काला परत नेलं नाही. प्लेगाच्या माळावरची बाळंतीण आणि तिची पोर त्यांना घरात नको होती. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. अक्का आमच्याकडेच राहिली. मी येसबाकडे बसून दोर वळायला शिकलो, गावानं नावं ठेवली ती ऐकली, बाजारात बसलो, भांडलो, दुकान केलं. पोरगी मोठी झाली. तिचं नाव आम्ही गोदा ठेवलं. तिचं स्थळ जमलं, दारात मांडव पडला, आणि अक्का म्हणाली, पाटलाला बोलवायचं.

"तो आला तर मी मांडवात न्हाई."

"मग नको येऊस. पर बोलवायचं."

घाण्याच्या दिवशी पाटील आला. म्हातारा झाला होता, पण पटका तोच, जर काळी पडलेला. पाहुण्यांनी त्याला घोंगडीवर वर बसवलं. थोड्या वेळानं त्यानं तीच गोष्ट सुरू केली. उन्हाळा कसा होता, माणसं कशी तडफडत होती, आणि आपण कशी बाहेरून मोट चालवली. नवऱ्या मुलाचा बाप हात जोडून ऐकत होता. मी दाराशी उभा होतो. इतक्या वर्षांत जमवलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं.

तेवढ्यात अक्का घरातून मुसळ घेऊन आली. डोक्यावर पदर, हातात हळदीचा दोरा. सरळ पाटलापुढे जाऊन बसली.

"पाटीलमामा, जरा धरा हे. दोरा गुंडाळायचाय. पोरीला तुमचा हात लागू द्या."

एवढ्या पाहुण्यांत नाही कसं म्हणणार? त्यानं मुसळ दोन्ही हातांनी धरलं. त्याचा अंगठा आपोआप रुंद खाचेत जाऊन बसला. अक्का बारीक खाचेत पिवळा दोरा गुंडाळू लागली, सावकाश, एकावर एक.

"झिजलंय गं हे," पाटील म्हणाला.

"व्हय. कशानं झिजलं ते पाव्हन्यांना सांगा की. तुमीच तर पानी काढलंत."

मांडवात सगळे पाटलाच्या तोंडाकडे बघत होते. त्याला माहीत नव्हतं. मुसळ कुठे ठेवलं होतं, कशासाठी ठेवलं होतं, त्यानं ते लिंबाखालून पाहिलंच नव्हतं. त्याचा अंगठा त्या खाचेत हलत राहिला, जसा काही तिथे लिहिलेलं काही चाचपून वाचता येईल. ओठ हलले. आवाज आला नाही. अक्कानं दोऱ्याला गाठ मारली, दातानं तोडला, मुसळ त्याच्या हातातून घेतलं आणि आत गेली. सवाष्णींनी हळद कांडायला सुरुवात केली.

मी तोंडाशी आणलेलं सगळं तसंच गिळलं. एक शब्दही लागला नाही. पाटील जेवून गेला. जाताना माझ्यापाशी थांबला, पटक्याला हात लावला. मला वाटलं, आता काढतो, आता बोलतो. त्यानं पटका नीट बसवला आणि चालू लागला.

गावात ती गोष्ट अजून पाटलाच्याच नावानं सांगतात. मुसळ माझ्या दुकानात आहे, आढ्याखाली, ओले दोर टांगतो तिथे. गिऱ्हाईक दोर बघता बघता कधी खाचेवर बोट फिरवतं आणि विचारतं, हे कशानं झालं? विचारणाऱ्याला मी बसवून घेतो. न विचारणाऱ्याला भाव जास्त सांगतो.